मुक्या रेडिओचा खटका

पारशिवनींतील एक घर श्रोत्यांनीं क्षणभर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. कवेलूंचें छप्पर, पुढें ओसरी, मागें विहीर, आणि बैठकीच्या खोलींत कोपऱ्यांतील सागवानी तिवईवर एक जुना रेडिओ. रेडिओवर क्रोशानें विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. दिवाळीची झाडलोट चालली आहे, आणि नागपुराहून सुटीस आलेली नात घरांतील प्रत्येक वस्तूचा निकाल लावीत सुटली आहे. रेडिओपाशीं ती थांबते. सकाळीं तिनें त्याला वीज जोडून पाहिली होती. कांचेमागचा दिवा लागला, थोडा वेळ बारीक गुणगुण ऐकूं आली, आणि पुढें कांहीं नाहीं.

“आबाजी, हा आतां कबाडीवाल्याला देऊन टाकावा का? अगदीं मुका झाला आहे.”

“बेटा, मुका झाला असता तर गुणगुणहि ऐकूं आली नसती. कंठ शाबूत आहे त्याचा. कुठें तरी वाट अडली आहे.”

आबाजींचें हें निदान पुष्कळदां खरें ठरतें. व्हॉल्व्ह पेटतात, ध्वनिवर्धक गुणगुणतो, आणि तरीहि एकहि स्थानक लागत नाहीं, अशा यंत्रांत दोष अनेक वेळां एका अगदीं क्षुद्र जागीं असतो. लहरी बदलण्याचा जो खटका, ज्याला दुरुस्ती करणारे लोक बँड-स्विच म्हणतात, त्याच्या चांदीवर चढलेली काजळी हीच ती जागा. हा थर इतका पातळ असतो कीं नखाला तो लागत नाहीं. तो काढण्यास लागणारें साहित्य म्हणजे कोऱ्या कागदाची एक पट्टी आणि चमचाभर शुद्ध अल्कोहोल. मात्र तो काढतांना हात चुकला तर जें नष्ट होतें तें पुन्हां कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. कबाडीवाल्याच्या गाडीवर गेलेल्या रेडिओची हळहळ सर्वांस वाटते. पॉलिश-कागदानें घासून घासून मारलेल्या रेडिओची कोणी दादहि घेत नाहीं.

पारशिवनीसारख्या ठिकाणीं हा खटका इतका महत्त्वाचा कां होता, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. पारशिवनी नागपूरच्या उत्तरेस, पेंच नदीच्या परिसरांत. आणि नागपूर तें मुंबई हेंच अंतर रेल्वेनें आठशें किलोमीटरांहून अधिक. एवढ्या लांबून मध्यम लहरींवर दिवसा मुंबई ऐकूं येण्याची आशा नव्हती. १९३८ च्या सुमारास ऑल इंडिया रेडिओनें लघुलहरींचीं प्रक्षेपकें उभारलीं, तेव्हां दूरच्या गांवांना रेडिओ खऱ्या अर्थानें उपलब्ध झाला. कारण लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावर आदळून परततात आणि शेंकडों कोसांवर उतरतात. पुढें १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झालें, आणि आपल्याच प्रांताचा आवाज मध्यम लहरींवर भर दुपारींहि घरांत येऊं लागला. म्हणजे एका घराला दोन प्रकारच्या लहरींची गरज उत्पन्न झाली, आणि त्या दोहोंच्या मध्यें हा खटका.

त्याची झीज वाढविण्यास एक महाराष्ट्रीय गृहस्थहि कारण झाले, हें सांगितलें तर कोणास नवल वाटेल. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. पण श्रोत्यांच्या कानांना नियम लागू करतां येत नाहींत. त्याच वर्षीं रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि दर बुधवारीं संध्याकाळीं घरोघरचे रेडिओ मध्यम लहरींवरून लघुलहरींवर फिरूं लागले. कार्यक्रम संपला कीं पुन्हां परत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू होईपर्यंत, आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, हें फिरविणें चाललें. केसकरांच्या हेतूविषयीं मतभेद असूं शकतो. खटक्याच्या चांदीवर त्याचा जो परिणाम झाला त्याविषयीं मात्र मतभेदास जागा नाहीं.

खटका म्हटला म्हणजे भिंतीवरील दिव्याचें बटण डोळ्यांपुढें येतें. बँड-स्विच तसा नसतो. पुढच्या मुठीच्या मागें एक लोखंडी दांडी असते, आणि तिच्यावर एकामागें एक अशा एक, दोन किंवा तीन चकत्या ओंवलेल्या असतात. चकती बहुधा बॅकेलाइट मुरविलेल्या कागदाची, तपकिरी रंगाची. तिच्या कडेनें बारीक धातूचे चिमटे जडविलेले असतात, आणि मध्यें दांडीबरोबर फिरणारें एक पातळ कडें असतें. चिमट्यांना आणि कड्याला चांदीचा मुलामा दिलेला असतो. मूठ फिरविली कीं कड्याची जीभ एका चिमट्यांतून सुटून शेजारच्या चिमट्यांत शिरते, आणि एका क्षणांत एरियलकडील गुंडाळी, ऑसिलेटरची गुंडाळी, त्यांना जोडलेले छोटे कंडेन्सर, सगळें बदलून जातें. अनेक जागचे स्पर्श एकदम जुळावे लागतात. त्यांपैकीं एक हुकला तरी स्थानक गेलें.

आणि स्पर्श हा शब्दहि फसवाच आहे. दोन गुळगुळीत पत्रे एकमेकांवर ठेवले तर ते सर्व पृष्ठभागावर टेकले असें आपण समजतो. विद्युत्स्पर्शांचा जन्मभर अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनीं दाखवून दिलें कीं पत्रे टेकतात ते केवळ कांहीं सूक्ष्म उंचवट्यांवर. प्रत्यक्ष वीज जाते ती त्या टिंबांएवढ्या जागांतून. डोंगरावर डोंगर पालथा घातला तर शिखरें तेवढीं शिखरांना लागतात, तसा हा प्रकार. म्हणून त्या शिखरांवर किंचित् मळ चढला तरी वाट बंद होते.

चांदीच कां वापरली, हें उघड आहे. सर्व धातूंत चांदी ही सर्वांत चांगली वीजवाहक, आणि लोखंडाप्रमाणें तिला गंज चढत नाहीं. तिचा वैरी प्राणवायु नव्हे, गंधक आहे. पैंजण किंवा देवाचीं उपकरणीं पावसाळ्यांत काळवंडतात तीं ह्याच वैऱ्यामुळें. हवेंतील गंधकयुक्त वायु चांदीशीं संयोग पावतात आणि काळें रौप्य-गंधकिद तयार होतें. हवा दमट असली म्हणजे हें काम लवकर होतें. पारशिवनी तालुक्यांत गोंडेगांवास दगडी कोळशाची खाण आहे, आणि कन्हान-कामठीचा सगळा पट्टाच कोळशाचा. ज्या घरीं वर्षानुवर्षें दगडी कोळशाची सिगडी पेटली, त्या घरच्या चांदीला गंधक शोधीत लांब जावें लागलें नाहीं. उन्हाळ्यांत पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारी उष्णता कंडेन्सरांतील मेण वितळवून इकडे तिकडे पसरविते. पावसाळा दमटपणा आणतो. चिमट्यांत धूळ साचते. जेथें मुलामा झिजून पितळ उघडें पडलें असेल तेथें हिरवट कळंक येतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक कां कळकतें हें ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला बँड-स्विचचें दुखणें वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

येथें एखादा चिकित्सक श्रोता विचारील कीं मग दिव्याच्या बटणाला हा रोग कां जडत नाहीं? जडतो, पण कळत नाहीं. दिव्याच्या बटणावर २३० व्होल्टांचा दाब असतो. तो पातळ थर फोडून पार जातो, आणि बटण दाबतांना जी ठिणगी पडते तीहि मळ जाळून टाकते. बँड-स्विचमधून जो संदेश जातो तो एरियलवरून आलेला, व्होल्टच्या कांहीं लक्षांशांइतका दुबळा. त्याला मळाची ती काळी साय म्हणजे किल्ल्याचा तट. तो अलीकडेच थांबतो.

मौजेची गोष्ट अशी कीं बिनतारी विद्येचा आरंभ अशाच खराब स्पर्शापासून झाला. १८९० सालीं फ्रान्समध्यें एद्वार ब्रांली यांना आढळलें कीं कांचेच्या नळींत भरलेल्या धातूच्या किसांतून वीज सहसा जात नाहीं. कारण कणाकणावर पातळ थर असतो. जवळ विजेची ठिणगी पाडली कीं तिच्या लहरीनें तो थर जणूं फुटतो आणि वीज वाहूं लागते. नळीवर टिचकी मारली कीं पुन्हां बंद. आपल्या देशांत आचार्य जगदीशचंद्र बसूंनीं ह्या साधनांत मोठी सुधारणा केली. १८९५ मध्यें कलकत्त्यास त्यांनीं तारेवांचून दूरची घंटा वाजवून दाखविली, आणि १८९९ मध्यें लोखंड व पारा ह्यांच्या स्पर्शावर चालणारें, टिचकीची गरज नसलेलें साधन रॉयल सोसायटीपुढें मांडलें. मळक्या स्पर्शांतून जी विद्या जन्मास आली तिचेंच पुढील अपत्य मळक्या स्पर्शापायीं मुकें व्हावें! रेडिओ बंद पडतांच पेटीवर थाप मारण्याची जी सवय घरोघरीं होती, ती ब्रांलींच्या टिचकीची उलट आवृत्तिच म्हणावयाची : तेथें टिचकीनें वाट बंद होई, येथें थापेनें घटकाभर उघडे.

दोष खटक्याचाच आहे हें ओळखावें कसें? यंत्र स्वतःच सांगतें, ऐकणारा पाहिजे. मूठ एका लहरीवरून दुसरीवर नेतांना खरखर होते, मध्येंच आवाज उसळतो आणि मूठ सोडली कीं जातो. मूठ बोटानें किंचित् तिरपी दाबून धरली तर स्थानक टिकतें. नागपूर खणखणीत लागतें, पण लघुलहरींवर केवळ स्मशानशांतता असते. ह्या शेवटच्या लक्षणाचें कारण समजून घेण्यासारखें आहे. लघुलहरींच्या गुंडाळीला तारेचे वेढे थोडे, तिचा स्वतःचा विरोध नगण्य. तिच्या मार्गांत मळामुळें चार-दोन ओहमांचा जरी विरोध घुसला तरी ऑसिलेटरचें स्पंदन मंदावून थांबतें. मध्यम लहरींची गुंडाळी वेढ्यांनीं भरगच्च, तिच्या अंगींच कांहीं ओहम असतात. तिला एवढ्यानें कांहीं होत नाहीं. म्हणून लघुलहरी आधीं जातात, मध्यम लहरी मागून. ज्या घरच्या वडील माणसांना “सिलोन लागेनासें झालें, मग आम्ही तिकडे फिरविणेंच सोडलें” असें सांगतां येतें, त्यांनीं नकळत रोगाचा इतिहासच सांगितलेला असतो. आणि न फिरविल्यानें काजळी आणखी वाढली, हें त्यांच्या ध्यानीं आलेलें नसतें. कारण फिरतांना चिमटे एकमेकांना पुसतात.

उलट, लहरींच्या मुठीला हात न लावतां केवळ आवाज कमी-अधिक करतांना खरखर येत असेल, तर दोष दुसरीकडे. त्याविषयीं पुढें.

आतां पेटी उघडण्यापूर्वींची गोष्ट. ती कंटाळवाणी आहे, परंतु जिवाशीं गांठ आहे. त्या कल्पनेंतील घरीं नातीनें कित्येक वर्षें पडून असलेल्या रेडिओला एकदम वीज जोडली, आणि कांहीं झालें नाहीं, हें त्या घराचें सुदैव. दीर्घ काळ पडून राहिलेल्या यंत्रांतील मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आंतून बिघडलेले असतात, मेणकागदाचे कंडेन्सर गळके झालेले असतात. एकदम पूर्ण दाब आला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर खटक्याची काळजी करण्याचें कारणच उरत नाहीं. जुने वायरमन ह्यासाठीं सिरीज बल्ब वापरीत : चाळीस-साठ वॅटचा तारेचा दिवा मार्गांत घालून मगच रेडिओ लावीत. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर आंत कोठें तरी शॉर्ट आहे, प्लग ताबडतोब काढावा. आजचा एल्‌ई‌डी दिवा ह्या कामास निरुपयोगी आहे. तो तारेच्या दिव्यासारखा वागत नाहीं. तारेचा दिवा दुकानांत आतां सहज मिळत नाहीं, म्हणून घरांत एखादा उरला असेल तर तो फेकूं नये.

खटक्याची सफाई सर्वस्वीं प्लग काढूनच करावयाची. बटण बंद केलें एवढें पुरे नाहीं. प्लग भिंतींतून निघाला पाहिजे. प्लग काढल्यावरहि आंतील मोठ्या कंडेन्सरांत अडीचशें-तीनशें व्होल्टांचा भार कांहीं काळ राहूं शकतो. तो दोन-तीन हजार ओहमांच्या, दोन-चार वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरनें पाहावें. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडण्याची पद्धति शूरपणाची दिसते, शहाणपणाची नाहीं. आणखी एक जात फार घातकी : ट्रान्सफॉर्मर नसलेले, एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणारे रेडिओ. त्यांचा धातूचा सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर सांगाडा, दांडी आणि मुठीचा स्क्रूसुद्धां जिवंत. मुठीच्या स्क्रूच्या भोंकांत कारखान्यांत मेण भरलेलें आढळतें तें शोभेसाठीं नव्हे. तें परत भरावें. जेथें वीज नव्हती अशा घरांतील कोरड्या बॅटरीवरचे रेडिओ त्या मानानें सौम्य, तरी त्यांच्या मोठ्या बॅटरीचा दाब नव्वद व्होल्टांचा असे. (अशा बॅटरींत लागणारें मँगॅनीज शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघतें, हें जातां जातां.) मीटर धरण्याची ज्याला सवय नाहीं त्यानें येथवरचें काम जाणत्याकडून करून घ्यावें आणि पुढचें स्वतःच्या देखरेखीखालीं करवावें. लाज वाटण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

पेटी उघडली. पहिलें काम हात लावण्याचें नाहीं, पाहण्याचें. कोणत्या चिमट्याला कोणत्या रंगाची तार, हें कागदावर काढावें. आतां तर खिशांतील फोननें चार बाजूंनीं छायाचित्रें घेतां येतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या तारांचें रबरी वेष्टण बिस्किटासारखें ठिसूळ झालेलें असतें; ओढली कीं सुटतें. चकतीजवळच्या गुंडाळ्यांचे स्क्रू फिरवूं नयेत. त्यांच्यावर सगळ्या तबकडीचा मेळ अवलंबून असतो, आणि एकदां बिघडलेला मेळ उपकरणाशिवाय परत जमत नाहीं. मग मऊ, कोरड्या कुंचल्यानें धूळ काढावी. फुंकर तोंडानें घालूं नये, तींत ओल असते.

दुसरें काम त्याहून सोपें, आणि लोक नेमकें तेंच गाळतात. वीज नसतांना मूठ शांतपणें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वीस-पंचवीस वेळां फिरवावी. ह्या खटक्याची रचनाच अशी केलेली असते कीं जीभ चिमट्यांत शिरतांना घासली जावी आणि आपला मळ आपण पुसावा. कित्येक रेडिओ एवढ्यानेंच बोलूं लागतात. पैसा न लागणाऱ्या उपायावर माणसाचा विश्वास बसत नाहीं, म्हणून तो थेट फवाऱ्याची बाटली घेतो.

ह्या फवाऱ्यांविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून जें विकलें जातें तें सगळें वाईट नाहीं. परंतु फवारा सोडला कीं तो जेथें पाहिजे तेथें थोडा आणि जेथें नको तेथें पुष्कळ जातो. तेलकट द्रव चकतीच्या कागदांत मुरतो, त्यावर धूळ बसते, आणि पुढें पावसाळ्यांत चिमट्या-चिमट्यांमध्यें वीज पाझरूं लागते. म्हणजे अडलेली वाट मोकळी करण्याच्या नादांत नको तेथें वाटा पाडल्या जातात. गंजलेले बिजागर सोडविण्याचें तेल तर येथें आणूंच नये. रॉकेल मागें चिकट पापुद्रा ठेवतें आणि पेट घेतें. चिंच, रांगोळी, दंतमंजन हीं देवघरांतील चांदीसाठीं ठीक; त्यांचे कण चिमट्यांत अडकले तर चांदी कुरतडतात. भांडीं झटकन उजळविणारें आम्लयुक्त द्रव बारीक सांध्यांतून धुऊन निघत नाहीं, आणि तें पुढें वर्षभर काम करीत राहतें. पॉलिश-कागद, कानस, ब्लेड ह्यांचें काय सांगावें? मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावयाची. कारागिरानें दहा घांसांत ती काढून टाकली कीं खालचें पितळ लखलखतें, रेडिओ त्या दिवशीं सुंदर वाजतो, कारागिराला पैसे मिळतात. आणि पुढील पावसाळ्यांत तोच रेडिओ पूर्वीपेक्षां वाईट होऊन बसतो. मग दोष व्हॉल्व्हला. खोडरबरहि निरुपद्रवी नाहीं : त्यांत घासणारी पूड असते, आणि रबर टणक करण्यासाठीं जो पदार्थ घालतात तो गंधकच. चांदीभोंवतीं रबरी धागा गुंडाळून ठेवल्यास काळी रेघ कां उमटते हें त्यावरून कळेल.

खरी रीत अशी. औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांतून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणावें. जितकें निर्जल तितकें चांगलें, नव्याण्णव टक्के मिळाल्यास उत्तम. दारें-खिडक्या उघडाव्या, दिवा-उदबत्ती दूर ठेवावी, कारण हें पेट घेतें. लग्नपत्रिकेसारख्या गुळगुळीत, कोऱ्या, पांढऱ्या कागदाची चिमट्याइतकी अरुंद पट्टी कापावी. तिचें टोंक अल्कोहोलांत बुडवून झटकावें आणि चिमटा व कडें ह्यांच्या फटींतून अलगद ओढून काढावें. पट्टीवर काळी रेघ येईल. ती बाजूस टाकून दुसरी पट्टी घ्यावी. रेघ पुसट होत जाते; तिसऱ्या-चौथ्या पट्टीला ती बहुधा राखी होते. कागद चांदीपेक्षां मऊ असल्यानें मळ ओढतो आणि मुलामा सोडतो. जेथें पट्टी शिरत नाहीं तेथें बारीक, गोल टोंकाचा कुंचला ओला करून तेवढ्याच चिमट्याला लावावा आणि लगेच मूठ फिरवावी. द्रव वाहतां कामा नये. चांदी पांढरी शुभ्र होईपर्यंत घासण्याचा हट्ट धरूं नये. काळसरपणाची थोडी छटा राहिली तरी चालते. शिखरें मोकळीं झालीं म्हणजे झालें. येथें गृहिणीची दृष्टि आणि कारागिराची दृष्टि वेगळी पडते, आणि ह्या एका बाबतींत तरी गृहिणीनें मागें सरावें.

चिमट्यांचा दाब ढिला झालासा वाटला तर पकडीनें वांकविण्याचा मोह होतो. ते चिमटे अनेक दशकें स्प्रिंगसारखे ताणलेले असतात. एकदां वांकतात, दुसऱ्यांदा तुटतात. आणि त्याच मापाचा, तेवढ्याच चकत्यांचा, त्याच कोनांत फिरणारा खटका आणावा कोठून? ज्या मर्फी कंपनीचा कारखाना एके काळीं ठाण्यास होता आणि जिची बालकाची मुद्रा घरोघरीं ठाऊक होती, तिचे रेडिओ कोठें तरी माळ्यावर सांपडतील. सुटे भाग विकणारें दुकान सांपडणार नाहीं. दुसऱ्या मृत रेडिओंतून भाग काढणें हाच मार्ग, आणि त्यासाठीं वीस-पंचवीस डाख सोडवून पुन्हां द्यावे लागतात. म्हणून दाब फारच ढिला असेल तरच, आणि तोहि भिंगाखालीं, लांकडी काडीनें, केसभर.

सफाईनंतर चकती पंख्याच्या झुळकीखालीं तासभर वाळूं द्यावी. मग काडीच्या टोंकाला जेमतेम चिकटेल इतकें शुद्ध व्हॅसलीन कड्यावर पुसून घ्यावें. दिसूं लागलें तर फार झालें असें समजावें. त्यानें घर्षण कमी होतें आणि गंधकाच्या वायूला आडपडदा मिळतो. दांडीच्या पुढच्या लोखंडी गोळीला, जिच्यामुळें मूठ खटखट अशी एकेका घरांत बसते, एक थेंब यंत्राचें तेल. तो मागें चकतीपर्यंत ओघळूं देऊं नये.

आवाजाच्या मुठीचें थोडक्यांत. तिच्या आंत चांदी नसून काजळीच्या लेपाचा अर्धवर्तुळाकार पट्टा असतो, आणि त्यावरून एक पातें फिरतें. धूळ असेल तर अल्कोहोलाच्या दोन थेंबांनीं व फिरविण्यानें खरखर जाते. गेली नाहीं, किंवा आठ दिवसांत परत आली, तर पुन्हां पुन्हां धूत बसूं नये. जवळच्या एखाद्या गळक्या कंडेन्सरमधून पट्ट्यावर नको असलेली सरळ वीज येत असते, आणि कंडेन्सर बदलल्याशिवाय ती खरखर जाणार नाहीं. ह्या मुठीच्या पाठीशीं जें चालू-बंदचें बटण असतें त्यांतून भिंतींतील वीज जाते. तें उघडून साफ करण्याच्या भानगडींत घरच्या माणसानें पडूं नये.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो नातीनेंच विचारावा असा आहे : हा रेडिओ बोलूं लागला तरी ऐकावयाचें काय? प्रश्न अनाठायीं नाहीं. नागपूरजवळ १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठीं एक हजार किलोवॅटचें प्रक्षेपक १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झालें होतें. एवढ्या शेजाऱ्यापुढें मळका खटकाहि गप्प बसत नसे. ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला. अलीकडच्या वर्षांत देशांतील मध्यम लहरींचीं आणि लघुलहरींचीं अनेक प्रक्षेपकें बंद झालीं आहेत आणि कार्यक्रम एफ्‌एम् व मोबाइलवर गेले आहेत. जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंत एफ्‌एम्‌ची सोय क्वचितच असते. म्हणजे हा खटका आज साफ करणें आणि दहा वर्षांनीं साफ करणें ह्यांत अंतर आहे; दहा वर्षांनीं चांदी तशीच उजळेल, पण तिच्यांतून जाण्यास आकाशांत काय उरलें असेल, हें कोणीं सांगावें? ज्याला आजीच्या रेडिओवर एखादें स्थानक ऐकावयाचें आहे त्यानें चालढकल करूं नये.

ऐकण्याची वेळ सूर्यास्तानंतरची निवडावी. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून जवळच थांबतात. रात्रीं त्याहि वरच्या थरावरून परततात आणि दूरचीं केंद्रें ओळखीचीं-अनोळखीं बोलूं लागतात. छपरावर दहा-पंधरा मीटर तार ताणावी, विजेच्या तारांपासून दूर. वीज-पावसाच्या दिवसांत ती काढून ठेवावी. घरांतील एल्‌ई‌डी दिवे आणि मोबाइलचे चार्जर ऐकण्याच्या वेळेपुरते बंद करावे, कारण त्यांची सूक्ष्म खरखर रेडिओला खटक्याच्या खरखरीसारखीच ऐकूं येते, आणि साफ झालेल्या खटक्यावर पुन्हां नाहक संशय येतो. ती सतत असते, आणि मुठीला हात लावल्यानें बदलत नाहीं, एवढ्यावरून ओळखावी.

नंतर पाठीमागचें झांकण सगळ्या स्क्रूंसकट बसवावें. आंत लहान मुलाचें बोट जाईल अशी फट ठेवूं नये. महिन्यांतून एकदां तरी, ऐकावयाचें असो वा नसो, मूठ दोन्ही टोंकांपर्यंत फिरवीत जावी. आणि काळ्या रेघांच्या त्या कागदी पट्ट्या केरांत टाकण्याऐवजीं एका पाकिटांत घालाव्या, पाकिटावर तारीख आणि कोणता चिमटा तें लिहावें, आणि पाकीट पेटीच्या आंतल्या बाजूस, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर, चिकटवून ठेवावें. पुढें जो कोणी हें झांकण उघडील त्याला आधीं काय झालें आहे तें कळेल.